घरटी एक

मळेआळी रिकामी झाली, असं मेघनाने कंट्रोल रूमला कळवलं तेव्हा दुपारची जेवणंही व्हायची होती. पलीकडच्या अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, खात्री आहे ना म्हणून. किनाऱ्यावरच्या बाकीच्या वस्त्यांत लोक दारं लावून बसले होते, एके ठिकाणी तर पोलिसांशीच हुज्जत चालली होती, आणि हिची वस्ती मात्र सगळ्यांच्या आधी मोकळी. खात्री आहे, ती म्हणाली. मग तुमच्या दोन्ही बस उत्तरेला पाठवतो, तिकडे गाड्या कमी पडताहेत, असं सांगून त्याने फोन ठेवला. हॉलसमोरच्या बस वळल्या आणि निघून गेल्या.

बस नजरेआड झाल्या आणि मेघनाला चैन पडेना.

कारण सांगता येत नव्हतं. सगळं आराखड्याप्रमाणे झालं होतं, आणि आराखडा तिचाच होता. अरबी समुद्रातलं वादळ रात्री किनाऱ्याला लागणार होतं. मळेआळी गिरीज गावाच्या पश्चिमेला, सुरूच्या बनाला लागून. केळीच्या आणि नारळाच्या वाड्या, त्यांत कौलारू घरं, आणि बाहेर पडायला एकच रस्ता. हा रस्ता खाडीचा एक फाटा ओलांडतो, तोही बुटक्या मोरीवरून. संध्याकाळच्या भरतीला वाऱ्याचा रेटा मिळाला की मोरी पाण्याखाली जाणार आणि मग सकाळपर्यंत कोणाला आत जाता येणार नाही की बाहेर पडता येणार नाही. म्हणून भरतीच्या आधी सगळी वस्ती मोठ्या रस्त्यावरच्या गावकीच्या पक्क्या हॉलमध्ये आणायची, असं ठरलं होतं. आपत्ती कक्षात आल्यापासून मेघनाकडे आलेलं हे पहिलं मोठं काम. त्यात मळेआळी तिचं माहेर.

तिच्या हाताखालचा इंजिनियर उमंग टॅब मांडीवर घेऊन पाय पसरून बसला होता. टॅबवरच्या नकाशात मळेआळीचं प्रत्येक घर हिरवं झालं होतं. घरातलं माणूस हॉलवर आलं की उमंग त्या घरावर बोट ठेवायचा आणि लाल घर हिरवं व्हायचं.

"मॅडम, हंड्रेड पर्सेंट," तो म्हणाला. "अख्ख्या तालुक्यात फक्त आपण. आता बसा ना जरा. तुमच्याकडे बघून मलाच टेन्शन यायला लागलंय."

ती बसली नाही. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिली. जनरेटर पाहिला. पाण्याच्या बाटल्या पाहिल्या, बिस्किटांची खोकी पाहिली. दारात सॅन्टन उभा होता. हॉलची किल्ली त्याच्याकडे असायची आणि मागच्या स्वयंपाकघरात त्याची बायको मटिल्डा लग्नाकार्याचं, सणावारांचं रांधायची. मेघना त्याच्याजवळून तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने तिला थांबवलं.

"बाय, ही माणसं कोणाच्या मयताला आलीत काय? मांडल्या खुर्च्यांवर मुकाट बसलीत. कोणी चटईपण मागितली नाय."

मेघनाने वळून पाहिलं, आणि सकाळपासून डोळ्यांसमोर असलेलं तिला आता दिसलं. खुर्च्यांवर सगळी कर्ती माणसं होती. बहुतेक पुरुष, पाचसहा बायका. कोणाच्या हातात छत्री, कोणाच्या काखेत पिशवी. गाठोडं एकाकडेही नाही. कोणी लेकरू रडत नव्हतं, कोणी म्हातारी कण्हत नव्हती. दाराबाहेर काढलेल्या चपलांमध्ये एकही लहान जोड नव्हता.

पुढच्या रांगेत प्रिस्का बसली होती. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या. प्रिस्काचा नवरा जहाजावर, त्यामुळे घरचं बाहेरचं सगळं तीच बघायची. मेघनाने तिला विचारलं, मुलं कुठे आहेत.

"घरी. सासू आहे ना त्यांच्याजवळ," प्रिस्का म्हणाली. "तुमची मीटिंग कधी सुटेल गं? मला कोंबड्या कोंडायच्यात."

"मीटिंग?"

"मग काय? घरटी एक सांगितलंत, मी आले. आता सही घ्या आणि सोडा."

मेघनाने खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. हे तिला नव्याने कळायची गरजच नव्हती, ती याच रीतीत वाढली होती. मळेआळीत कुठलंही सामायिक काम निघालं की घरटी एक माणूस जायचं. बावखल उपसायचं असो, म्हणजे वाड्यांना पाणी पुरवणारं ते जुनं तळं, कोणाची तिरडी उचलायची असो, रस्त्यासाठी साहेबाला भेटायचं असो. घरातलं एक माणूस गेलं म्हणजे ते घर गेलं. मग मागे राहिलेल्यांना कोणी विचारत नसे, आणि एकही गेलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागे. उन्हाळ्यात तिने आराखड्याची रंगीत तालीम घेतली तेव्हा याच रीतीचा आधार घेतला होता. भर कामाच्या दिवशी सगळी वस्ती कुठून येणार, म्हणून घरटी एक बोलावलं. सगळी घरं आली, वेळेवर आली, फोटो निघाले, वरून शाबासकीचं पत्र आलं. आणि काल रिक्षावरच्या भोंग्यासाठी मजकूर लिहिताना, सूचना लांबू नये म्हणून, तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं की तालमीत ठरल्याप्रमाणे सर्वांनी हॉलवर जमावं. माणसं ठरल्याप्रमाणे जमली होती.

तिने वडिलांना फोन लावला. नरहरी राऊत पंचाहत्तरीला आलेले, आई गेल्यापासून घरात एकटे. सकाळपासून ते तिला खुर्च्यांमध्ये दिसले नव्हते, पण नकाशात घर हिरवं आहे म्हणजे ते आलेच असतील, अशी ती स्वतःची समजूत घालत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन उचलला. मागे वाऱ्याचा आवाज होता. तुम्ही का नाही आलात, तिने विचारलं.

"आपल्या घरचं माणूस सकाळपासून तिथे आहे की," ते म्हणाले.

"कोण?"

"तू."

ते खुशीत होते. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, म्हणाले. आमच्या घरचं माणूस सगळ्यांच्या आधी पोचलंय. केळीची पानं छाटायची आहेत, नंतर बोलू, असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

उमंगच्या टॅबवर नरहरी राऊतांचं घर हिरवं होतं. उमंगने शपथेवर सांगितलं की पहाटे सगळ्यांत पहिलं घर तेच हिरवं केलं, मॅडम स्वतःच होत्या ना. त्याचा चेहरा आता पडला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला की कंट्रोल रूमला लगेच काही कळवू नये. याच माणसांना बाईकवर परत पाठवू, घरच्यांना घेऊन येतील, कोणाला कळायचंही नाही. मेघनाला क्षणभर ते पटलं. मग तिने फोन लावला आणि सरळ सांगितलं, माझा निरोप चुकीचा होता. वस्ती आतच आहे.

आत किती माणसं आहेत, अधिकाऱ्याने विचारलं. ती म्हणाली, घरटी एक सोडून सगळी. त्याने एकेक शब्द मोजून उच्चारत सांगितलं की तिचा पहिला निरोप वर गेला आहे, वरून आणखी वर गेला आहे, आणि बस आता दुसऱ्यांच्या लोकांनी भरल्या आहेत. त्यांतली एक रिकामी झाली की पाठवतो. एकच. कधी, ते सांगता येणार नाही.

"मॅडम, हिरव्याचं परत लाल करायचं बटणच नाहीये यात," उमंग म्हणाला. "आलेलं घर परत आत जाईल असं आपण धरलंच नव्हतं."

ती एका खुर्चीवर चढली आणि तिने खुर्च्यांवरच्या माणसांना समजावून सांगितलं की ही मीटिंग नाही, घरच्यांनाही आणायचं आहे, सगळ्यांना, संध्याकाळच्या आत. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, हे आधी सांगायला काय झालं होतं. कोणी म्हणालं, लेकी-सुना रात्री परक्या हॉलमध्ये कशा झोपतील. बिस्किटांवर म्हातारी माणसं रात्र काढणार का, असंही एकाने विचारलं. गुरांचं काय, कौलं उडाली तर दाराशी कोण. मागच्या रांगेतले दोघे उठून चपला शोधायला लागले. वादळ घरावर येणार तर माणूस घरी हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांच्या परीने ते बरोबरच होतं. मेघनाला कळत होतं की यांना आता जाऊ दिलं तर ती घरी जातील आणि घरीच राहतील. अडवून ठेवलं तर आत नुसत्या बायका, पोरं आणि म्हातारे उरतील. दोन्हीकडून वाईटच.

सॅन्टन दारात आडवा उभा राहिला. त्याने माणसांना थट्टेवर नेलं, वारा कसा वाहतो ते बघायला आधी मोठ्या पोटाचा माणूस पाठवा म्हणाला. पण त्याची थट्टा फार वेळ पुरणार नव्हती.

मेघना स्वयंपाकघरात गेली. तिथे मटिल्डा रिकाम्या टोपांच्या शेजारी हात बांधून उभी होती. रविवारच्या लग्नाचा शिधा कोपऱ्यात रचला होता. लग्न वादळामुळे पुढे गेलं होतं. त्या पोत्यांकडे बघताना मेघनाच्या डोक्यात ते आलं. मळेआळीत बोलावणं दोन तऱ्हेचं. एक घरटी. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी बोलावलेल्या घरात चूल पेटायची नाही. तान्ह्यापासून अंथरुणाला खिळलेल्यापर्यंत सगळं घर यजमानाकडे जेवायला जायचं. जो जाणार नाही त्याला उपाशी राहावं लागायचं, आणि यजमानाची बेअब्रू व्हायची ती वेगळीच. फार मोठ्या कार्याशिवाय कोणी चूलबंद देत नसे.

तिने मटिल्डाला विचारलं, सगळ्या मळेआळीचं रांधशील का. शिधा नंतर भरून देऊ.

"रांधायला काय," मटिल्डा म्हणाली. "पण कोणाच्या नावाने? सरकारच्या नावाने चूल बंद करणारं इथे कोणी नाय, बाय. यजमान कोण ते सांग."

मेघना हॉलमध्ये परतली आणि कोणालाही न विचारता तिने सांगून टाकलं. थांबा. चूलबंद आहे. नरहरी राऊतांकडून.

चपला शोधणारे दोघे थबकले. मागून कोणी हसत म्हणालं, "आता? अकरा वर्षांनी?" आणि बरीच माणसं हसली, कारण ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. मेघनाने लग्न केलं ते आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या कौस्तुभशी. लग्न नालासोपाऱ्याच्या कार्यालयात झालं. एकुलत्या मुलीचं लग्न, आणि नरहरी राऊतांनी मळेआळीला बोलावणं दिलं घरटी एक. त्यावर ते एवढंच म्हणाले होते की कार्यालय त्यांचं, जेवण त्यांचं, मी कोणाची चूल कशी बंद करू. मळेआळी गेली, घरटी एक गेली, आणि विसरली नाही.

खुर्च्यांवरची माणसं थांबली, पण चूलबंदाचं बोलावणं घरोघर जाऊन द्यावं लागतं, आणि वडिलांना तर काहीच ठाऊक नव्हतं. उमंगच्या स्कूटरवरून ती मोरीपाशी आली तेव्हा पाणी अजून दोन हात खाली होतं. पण ते नेहमीसारखं वाहत नव्हतं, जागच्या जागी फुगत होतं. सुरूच्या बनातून येणारा आवाज मोठा झाला होता. उमंगला मळेआळीचा रस्ता नवा, तो प्रत्येक वळणावर विचारत होता आणि ती प्रत्येक वेळी उशिरा सांगत होती.

वडील वाडीत होते. वाऱ्याला पान सापडू नये म्हणून ते केळीची पानं कोयत्याने छाटत होते. अर्धी वाडी नुसत्या सोटांची उभी होती. तिने सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि छाटत राहिले.

"म्हणजे तू माझ्या नावाने सांगून आलीस," ते म्हणाले.

"हो."

"कोणाला विचारून?"

"कोणाला नाही, आप्पा."

"आणि कार्य काय सांगितलंस? वादळाचं चूलबंद कोणी देतं?"

हे मात्र तिने ठरवलं नव्हतं. "माझ्या लग्नाचं," ती म्हणाली. "राहिलंय ना ते?"

कोयता थांबला. त्यांनी तिच्याकडे नव्हे, छाटायच्या राहिलेल्या केळींकडे पाहिलं, अजून किती उरल्यात ते बघत असल्यासारखं. मग कोयता बुंध्यात रुतवला, बावखलावर जाऊन हातपाय धुतले, घरात जाऊन धुवट सदरा घातला आणि वाटीत अक्षता घेऊन बाहेर आले. उमंगने स्कूटर पुढे केली.

"फटफटीवर बसून आवतण द्यायला मी पोस्टमन आहे काय?" ते म्हणाले आणि चालू लागले.

तिथून पुढचा वेळ मेघनाला काढवेना. ते प्रत्येक घरी बसत. पाणी घेत. म्हाताऱ्यांची विचारपूस करत. मग अक्षता देऊन एकच वाक्य म्हणत, "मेघनाच्या लग्नाचं आहे, सकाळपर्यंत तुमची चूल बंद, पाळण्यातल्यासकट या." ख्रिस्ती घरांत अक्षता नसत, तिथे ते अंगणातल्या क्रुसापाशी क्षणभर थांबून आत जात आणि वाक्य तेच. ती दारात उभी राहून कधी आभाळाकडे बघे, कधी मोरीच्या दिशेने. उंबऱ्यावरूनच सांगा ना आप्पा, ती म्हणाली. उंबऱ्यावरून सांगितलं तर फक्त माणूस येतं, चूल येत नाही, ते म्हणाले. वेळ वाचवायला ती एकटीच पलीकडच्या बाजूला गेली. पहिल्याच घरात तिला खाट देऊन बसवलं, चहा विचारला, आणि मग त्या घरच्या आजीने गोड आवाजात सांगितलं की माहेरवाशिणीने आपल्याच लग्नाचं बोलावणं करायचं नसतं, मोठ्या माणसाला पाठव. ती परत वडिलांच्या मागे जाऊन उभी राहिली.

पण ते ज्या घरातून बाहेर पडत त्या घरातून मागोमाग भांड्यांचा आवाज येई. गॅस बंद केल्याचं कोणीतरी आतूनच ओरडून सांगे. प्रिस्काच्या सासूने तर नरहरींना पाणी देतानाच टोमणा मारला, अकरा वर्षं आम्हाला उपाशी ठेवलंत भाऊ, आता दोन गोड पदार्थ लागतील. बायका लुगडी बदलू लागल्या. लग्नाचं म्हटल्यावर नेसती साडी कशी चालेल, यावर मेघनाने वाद घातला नाही. एका घरी पोरीने वादळात गजरा माळला होता. कोणी कोंबड्या पाटीखाली कोंडल्या, कोणी गुरं सोडून दिली. अंथरुणावरच्या एका आजोबांना खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं आणि ते तिथे बसून, आहेर काय द्यायचा, असं विचारत राहिले.

बस आली तेव्हा आभाळ पिवळट झालं होतं. ड्रायव्हरने खाली उतरून आधी मोरीचं पाणी कुठवर आलंय ते सांगितलं. चाकाच्या रिमपर्यंत. दोन फेऱ्या, म्हणाला. तिसरी कोणीही सांगितली तरी मारणार नाही. पहिली फेरी म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी भरली. ती परत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वाऱ्याने वाडीतली सुपारीची दोन झाडं आडवी केली. दुसऱ्या फेरीत बाकीचे दाटीवाटीने चढले. उमंग खिडक्यांमधून डोकावून प्रत्येक घराचं नाव घेऊन ओरडत होता आणि आतून एकाऐवजी चारपाच आवाज येत होते.

राऊत, तो ओरडला. कोणी ओ दिली नाही.

मेघना पळत घरी आली. वडील ओटीवर बसले होते. आत स्वयंपाकघरात गॅसची शेगडी बारीक पेटती होती आणि तिच्यावर दूध.

"सगळी चढली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही राहिलात. चला."

"मी कसा येऊ? चूलबंद दिलंय ना? सगळ्यांची बंद, यजमानाची पेटती. यजमानाची चूल त्या दिवशी विझत नाही, आणि ती सोडून तो जात नाही. तू तिकडे पंगत सांभाळ. मी इकडे राखतो."

रीत अशीच होती. ती मानून ते बसले होते, की वाडी सोडवत नव्हती म्हणून रीतीच्या आड बसले होते, हे तिला त्यांच्या तोंडावरून ओळखता येईना, आणि ओळखत बसायला वेळ नव्हता. तिकडे ड्रायव्हर हॉर्न दाबून धरत होता. समजावणं, रडणं, हात धरून ओढणं, यातलं काही चालणार नाही एवढं तिला ठाऊक होतं. चुलीवाचून यजमान हलायचा नव्हता.

ती आत गेली. दूध खाली उतरवलं, सिलिंडरचा खटका बंद केला, नळी ओढून काढली आणि दोन बर्नरची ती चिकट शेगडी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली. ओटीवरून वडिलांच्या समोरून ती अंगणात उतरली.

"कुठे नेतेस?"

"हॉलवर. पंगत तिकडे आहे, तर यजमानाची चूल पण तिकडेच हवी."

ती मागे न बघता चालत राहिली. कडा हाताला रुतत होत्या, वाऱ्याने पाऊल वाकडं पडत होतं. तिच्या मागे बराच वेळ फक्त झाडांचा आवाज होता. मग कडी लावल्याचा आवाज आला.

"अगो बाय, हळू," ते मागून म्हणाले. "तिचा एक पाय ढिला आहे. पडला तर मिळायचा नाही."

बसमध्ये त्यांना जागा कोणी करून दिली नाही, कारण जागाच नव्हती. ते दारातल्या पायरीवर शेगडी मांडीवर घेऊन बसले. मोरीवर पाणी पायरीला लागलं तेव्हा त्यांनी पाय वर घेतले आणि शेगडी आणखी उंच धरली. मागे कुठेतरी लाकूड पिंजल्यासारखा लांब आवाज झाला आणि एक झाड गेलं. कोणाच्या वाडीतलं, ते आवाजावरून ओळखायचा सगळे प्रयत्न करत होते.

हॉलमध्ये आता चालायला वाट नव्हती. चटया, गाठोडी, पाळणा बांधायला दोरी शोधणारी माणसं, प्रिस्काची दोन पोरं, आणि सगळ्या आवाजांवर सॅन्टनचा आवाज. मटिल्डाने शेगडीकडे एकदा पाहिलं, हिच्यावर माझा टोपसुद्धा बसायचा नाही म्हणाली, आणि तरी भिंतीशी जागा करून, आपल्या सिलिंडरची नळी लावून ती पेटवून दिली. तिच्यावर म्हाताऱ्यांचा चहा ठेवला. नरहरी चहा होईपर्यंत उभे राहिले आणि मग दारापाशी जाऊन यजमानासारखे थांबले.

मेघना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. घरात राहिलेलं दूध, अर्धी न छाटलेली वाडी, मोकळी सोडलेली गुरं, उद्या सकाळी यांना काय दिसेल, यातलं काहीही तिच्या आराखड्यात नव्हतं. पहिली पंगत बसली तेवढ्यात पत्र्याची दारं आतल्या बाजूला दबली. दिवे गेले, जनरेटर धडधडला, दिवे आले. वाढणाऱ्यांचे हात थांबले होते. सगळी मळेआळी मान वर करून पश्चिमेकडे ऐकत होती.

नरहरी राऊतही ऐकत होते. मग त्यांनी वाढणाऱ्या पोरांकडे पाहिलं.

"वाढा," ते म्हणाले. "भात निवतोय."